शिखर गाठलं, मग उतरताना माणूस जातो कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. हिमालयातल्या मोहिमांबद्दल कुठेही बोलणं झालं की शेवटी हा प्रश्न येतो, आणि बहुतेकदा तो ट्रेकरकडून येत नाही, कुणाच्या तरी आईवडिलांकडून येतो. ‘एवढा सराव केला, कर्ज काढून पैसे भरले, सोबत शेर्पा होता, पाठीवर ऑक्सिजन होता. शिखरावर पोचल्याचा निरोपसुद्धा आला. मग उतरताना गेला कसा?’

शंका अगदी बरोबर आहे. एव्हरेस्टवर १९२१ ते २००६ या काळात झालेल्या २१२ मृत्यूंचा अभ्यास २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. ८००० मीटरच्या वर जे गिर्यारोहक दगावले, त्यांतले निम्म्याहून जास्त शिखर गाठून खाली येताना गेले. चढताना गेलेले दहा टक्क्यांच्या आसपास. आणखीही एक गोष्ट त्यातून पुढे आली. गेलेल्यांपैकी बरेच जण शिखरावर उशिरा पोचले होते, आणि शेवटच्या तासांत सोबत्यांना ते गोंधळलेले, झोकांड्या खाणारे, मागे मागे राहणारे दिसले होते.

श्रद्धांजलीच्या बातम्यांत मात्र ‘हिमालयाने त्याला कुशीत घेतलं’ असं येतं. घरच्यांना त्यातून धीर मिळत असेल तर मिळू दे, पण हे वाक्य वाचलं की मला त्रास होतो, कारण त्यानंतर कुणी काही विचारतच नाही. निघाला किती वाजता, पोचला किती वाजता, नळकांड्यात किती उरलं होतं, परत फिर असं कुणी म्हटलं का, आणि म्हणायचा अधिकार कुणाला होता? उत्तरं इथे असतात.

आधी हवेचं बघू. एव्हरेस्टची उंची ८८४८.८६ मीटर. १९८१ साली एका अमेरिकन वैद्यकीय मोहिमेने थेट शिखरावर हवेचा दाब मोजला, तो २५३ मिलिमीटर पारा भरला. समुद्रसपाटीला तो ७६० असतो. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, पण दाबच एक तृतीयांश राहिल्यामुळे तो फुप्फुसातून रक्तात पुरेसा शिरत नाही. २००७ साली ब्रिटिश डॉक्टरांच्या एका तुकडीतल्या चौघांनी शिखरावरून उतरताना ८४०० मीटरवर थांबून मास्क काढले आणि जांघेतल्या धमनीतून एकमेकांचं रक्त काढलं. ते नमुने घेऊन शेर्पा दोन तासांच्या आत ६४०० मीटरवरच्या कॅम्पमध्ये पोचला, कारण रक्त तपासायचं यंत्र तिथे होतं. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब सरासरी २४.६ मिलिमीटर पारा निघाला, एकाचा तर १९.१. निरोगी माणसाचा तो खाली ८० ते १०० असतो. रुग्णालयात असा आकडा आला तर धावपळ उडेल. हे चौघे मात्र शुद्धीवर होते, स्वतःच्या पायांनी चालत होते, कारण कित्येक आठवडे वरखाली करून त्यांनी शरीराला सवय लावली होती.

पण या सवयीलाही मर्यादा आहे. साधारण साडेपाच हजार मीटरच्या वर माणूस कायमचा राहू शकत नाही. ८००० च्या वर शरीर जुळवून घेत नाही, नुसतं झिजत जातं. जेवण पचत नाही, झोप लागत नाही, जखम भरत नाही. सवयीमुळे काही तास मिळतात, त्याहून जास्त काही मिळत नाही. त्या तासांत वर जाऊन परत यायचं असतं.

आता ऑक्सिजनचं गणित. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण ‘ऑक्सिजन होता ना?’ या प्रश्नातच घोटाळा आहे. एव्हरेस्टवर सर्रास वापरतात ते नळकांडं ४ लिटरचं, ३०० बार दाबाने भरलेलं. म्हणजे त्यात सुमारे १२०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला २ लिटर सोडला तर १० तास पुरेल, ३ लिटर सोडला तर ६ तास ४० मिनिटं, ४ लिटर सोडला तर ५ तास. शिखराच्या दिवशी माणशी तीन नळकांडी धरली तर ३६०० लिटर. मिनिटाला ३ लिटरच्या हिशेबाने वीस तास.

साउथ कोल, म्हणजे चौथा कॅम्प, ७९०० मीटरच्या आसपास. तिथून रात्री नऊला निघालात. चढायला दहा तास, वर अर्धा तास, उतरायला पाच तास. साडेपंधरा तास झाले. वीसमधून साडेपंधरा वजा केले की साडेचार तास हाताशी राहतात. कागदावर हे ठीक दिसतं. आता बाल्कनीच्या, म्हणजे ८४०० मीटरच्या आसपासच्या सपाट टप्प्याच्या, वरच्या चढावर दोन तास रांगेत उभे राहिलात, आणि शिखराच्या थोडं खाली असलेल्या हिलरी स्टेप या उभ्या चढापाशी खाली येणाऱ्यांना वाट देत आणखी दोन तास. उरला अर्धा तास. हे सगळं सुरळीत झालं तर. मिनिटाला ४ लिटर लावला असता तर पंधरा तासांतच खेळ खलास झाला असता, कुठलीही रांग नसताना.

रांगेत उभं असताना प्रवाह कमी करता येतो, पण मग बोटं गार पडायला लागतात, कारण शरीरात ऊब ऑक्सिजनमुळेच तयार होते. वाचवलेल्या ऑक्सिजनची किंमत बोटं मोजतात. त्यात बारीकसारीक अडचणी असतात, आणि खरा घात त्यांनी होतो. उच्छ्वासातल्या वाफेचा बर्फ होऊन मास्कची झडप बसते. प्रवाह कमीजास्त करणाऱ्या रेग्युलेटरच्या आट्यांत बर्फाचा कण गेला की गळती सुरू होते, वाऱ्यात तिचा आवाजही येत नाही. नळकांडं बदलताना जाड हातमोजे काढावे लागतात, आतले पातळ मोजे घालूनच आटे बसवायचे असतात, आणि ते मनगटाला दोरीने बांधलेले नसतील तर वारा जाड मोजा घेऊन जातो. १९५० साली अन्नपूर्णेवरून उतरताना मॉरिस हर्झोगचे हातमोजे असेच घरंगळत गेले आणि त्याला हाताची बोटं गमवावी लागली. आणखी एक बाब: पुढचं नळकांडं वाटेत बाल्कनीपाशी ठेवलेलं असतं. ते तिथे आहे या भरवशावर तुम्ही पहिलं संपवता. ते रिकामं निघालं किंवा गर्दीत दुसऱ्या कुणी उचललं, तर सगळा हिशेब तिथेच मोडतो.

ऑक्सिजन अचानक संपला की माणूस त्याच उंचीवर मास्कशिवाय सवयीने पोचलेल्या माणसापेक्षा वाईट अवस्थेत जातो. पाय जड होतात, थंडी आत शिरते, आणि सगळ्यात आधी जातो तो विवेक. दारू चढलेल्या माणसाला आपण शुद्धीत आहोत असंच वाटत असतं, तसंच इथे. म्हणून वर गेल्यावर ‘कसं वाटतंय ते बघू आणि ठरवू’ हे वाक्य मला सगळ्यात धोकादायक वाटतं. ज्या मेंदूने ठरवायचं, तोच तेव्हा हजर नसतो. परत फिरण्याची वेळ खाली बेस कॅम्पवर, पोटभर जेवून, डोकं ताळ्यावर असताना ठरवायची असते आणि वर ती फक्त पाळायची असते. गिर्यारोहक तिला ‘टर्न अराउंड टाइम’ म्हणतात. एव्हरेस्टच्या दक्षिण बाजूने ती बहुधा दुपारी एक किंवा दोन धरतात. शिखर दहा मिनिटांवर असलं तरी दोन म्हणजे दोन.

१० मे १९९६ला एव्हरेस्टवर ही वेळ पाळली गेली नाही. रॉब हॉल हा न्यूझीलंडचा अत्यंत काटेकोर वाटाड्या. आदल्या वर्षी त्याने डग हॅन्सन नावाच्या आपल्या क्लायंटला दक्षिण शिखराजवळून, म्हणजे मुख्य शिखराच्या जरा अलीकडच्या उपशिखरापासून, परत फिरवलं होतं, आणि हॅन्सन दुसऱ्यांदा पैसे जमवून आला होता. त्या दिवशी वरच्या टप्प्यावर दोर आधी बांधलेले नव्हते, तिथे तास गेले. सकाळी साडेअकराच्या सुमारास हॉलच्या तुकडीतले तिघे हिशेब करून मागे फिरले. ते तिघेही जगले. हॅन्सन चार वाजून गेल्यावर शिखरावर पोचला आणि हॉल त्याच्यासाठी थांबला. मग वादळ आलं. दोघेही परतले नाहीत. हॉलसारख्या माणसाकडून हे झालं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नियम माहीत नव्हता असं नाही, नियम त्याचाच होता. पण समोरच्याला दुसऱ्यांदा ‘फिर’ म्हणणं कठीण असतं. पैसे भरलेला माणूस आणि वर्षभराची आस, दोन्ही त्या घड्याळासमोर उभी असतात.

त्याच संध्याकाळी उत्तरेच्या, म्हणजे तिबेटच्या बाजूने आपल्या इंडो-तिबेटियन बॉर्डर पोलिसांची तुकडी वर होती. शिखरासाठी निघालेल्या सहांपैकी तिघे मागे फिरले. त्सेवांग समानला, दोर्जे मोरुप आणि त्सेवांग पालजोर पुढे गेले, उशिरा, आणि त्याच वादळात सापडले. त्या एका वादळात दोन्ही बाजू मिळून आठ जण गेले. दक्षिण बाजूची कहाणी जगभर सांगितली गेली. आपल्या या तीन जवानांची नावं आपल्याकडेही फार कुणाला ठाऊक नाहीत, याचं वाईट वाटतं.

उशीर होतो कसा, ते सगळ्यात स्पष्ट दिसतं के-टूवर, म्हणजे जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावर, १ ऑगस्ट २००८ला. के-टूची उंची ८६११ मीटर. शेवटच्या कॅम्पच्या वर, ८२०० मीटरच्या आसपास, बॉटलनेक नावाची अरुंद बर्फाची घळ आहे. चढ पन्नास-साठ अंशांचा, आणि डोक्यावर लटकती बर्फाची भिंत, सेरॅक, कित्येक मजले उंच. घळ संपली की त्या भिंतीच्या तळाशी डावीकडे आडवं सरकत जायचं. सेरॅक कधी तुटेल सांगता येत नाही, म्हणून तिच्याखाली कमीत कमी वेळ थांबणं एवढंच आपल्या हातात असतं.

वेगवेगळ्या देशांच्या तुकड्यांनी बेस कॅम्पवर बसून कामं वाटून घेतली होती. कोण पुढे जाणार, कोण दोर नेणार. पण तिथला अनुभव असलेला पाकिस्तानी गिर्यारोहक शाहीन बेग आजारी पडून खाली गेला. पुढे गेलेल्यांनी दोर बांधायला सुरुवात केली ती फार खालून, जिथे त्याची तितकी गरज नव्हती. घळीच्या अवघड भागात पोचेपर्यंत दोर संपले. मग खालचे दोर सोडून हातोहात वर पाठवावे लागले. तोवर मागचे सगळे त्या सेरॅकखाली ताटकळत उभे. रांगेत असताना सर्बियाचा एक गिर्यारोहक दोरातून सुटला आणि कोसळला. त्याचा मृतदेह खाली आणताना मदतीला गेलेला जहान बेग हा पाकिस्तानी हमाल घसरला. सूर्य वर असतानाच दोन माणसं गेली होती, आणि तरीही रांग वर सरकत राहिली.

एक जण मात्र या गर्दीत नव्हता. अल्बर्टो झेरैन हा स्पेनचा गिर्यारोहक दोर बांधायला मदत करून सगळ्यांच्या पुढे निघून गेला, दुपारी तीनच्या सुमारास शिखरावर पोचला आणि इतरांना वाटेत वर येताना बघत उजेडात खाली उतरला. त्या दिवशी शिखर गाठलेल्या अठरा जणांपैकी बाकीचे त्याच्यानंतर, संध्याकाळी पोचले. अंधार पडल्यावर सेरॅकचा तुकडा सुटला. नॉर्वेचा रोल्फ बाए त्यात गेला, आणि त्या बर्फाने दोरही तोडून नेले. वर राहिलेल्यांना आता बॉटलनेक दोराशिवाय, अंधारात, संपत आलेल्या ऑक्सिजनवर उतरायचं होतं.

पासांग लामा या नेपाळी गिर्यारोहकाकडे बर्फात रोवायची कुऱ्हाड नव्हती, ती सकाळी दोर बांधायच्या कामी लागली होती. छिरिंग दोर्जे शेर्पाने त्याला आपल्या हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, जोडून घेतलं आणि एकाच कुऱ्हाडीवर दोघे उतरायला लागले. छिरिंग कुऱ्हाड रोवायचा, मग दोघे एकेक पाऊल बर्फात ठोकायचे, मग पुन्हा कुऱ्हाड. पासांग निसटला असता तर छिरिंगही गेला असता, हे दोघांनाही माहीत होतं. दोघेही जिवंत कॅम्पवर पोचले. गिर्यारोहणाच्या इतिहासात याहून मोठं काम मला माहीत नाही. बाकीचे काही रात्रभर वर उघड्यावर बसून राहिले, काही अंधारात घसरले, काही दुसऱ्या दिवशी दोरात अडकलेल्यांना सोडवायला गेले ते परत आले नाहीत. एकूण अकरा जण गेले.

लोक म्हणतात, सेरॅकने मारलं. सेरॅक तर कधीतरी तुटणारच होता. तो तुटला तेव्हा त्याच्या वर आणि खाली इतकी माणसं का होती, या प्रश्नाचं उत्तर सकाळी चुकीच्या जागी बांधलेल्या दोरात आहे.

दोरावरचा अपघातही समजून घ्या, कारण सह्याद्रीत रॅपलिंग केलेल्यांना तो पटकन कळेल. फिक्स दोराला माणूस दोन ठिकाणी जोडलेला असतो, चढताना जुमार, म्हणजे दोरावर फक्त वर सरकणारी पकड, आणि त्याच्या जोडीला सुट्टा कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी कडी. दोर ठिकठिकाणी बर्फात ठोकलेल्या खुंटीला बांधलेला असतो. त्या गाठीपाशी आलं की आधी एक सोडून पलीकडे लावायचा, मग दुसरा. दोन्ही एका वेळी कधीच सोडायचे नाहीत. खाली ही गोष्ट पोरंसुद्धा झोपेत करतील. ८५०० मीटरवर, वीस तास जागा असलेला माणूस, समोरून येणाऱ्याला ओलांडताना, दोन्ही सोडतो. किंवा सोबत आधीच्या वर्षांचे तीन-चार जुने दोर लोंबत असतात आणि तो सडक्या दोराला कॅराबिनर लावून निर्धास्त होतो. उतरताना पाय थकलेले असतात, क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटाला लावलेल्या लोखंडी काट्यांचे, पुढचे दात दुसऱ्या पायाच्या पिसं भरलेल्या डाऊन सूटमध्ये अडकतात, आणि तोंड दरीकडे असतं. चढताना घसरलात तर निदान हात बर्फावर असतात.

आजारांबद्दल थोडक्यात. फुप्फुसात पाणी भरणं आणि मेंदूला सूज येणं, हे दोन उंचीचे मारक आजार. बसल्या जागी दम लागतोय आणि खोकल्यात फेस येतोय, तर पहिला. टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालता येत नाही, तर दुसरा. पहिल्यासाठी निफेडिपिन, दुसऱ्यासाठी डेक्सामेथासोन, आधी ८ मिलिग्रॅम आणि मग दर सहा तासांनी ४. ही औषधं माणसाला खाली नेईपर्यंत तग धरायला असतात, खरा इलाज उतरणं हाच. डेक्सामेथासोनचा गैरवापर मात्र होतो. काही जण ते घेऊन शिखराकडे निघतात, त्यामुळे लक्षणं दबतात, आणि उतरताना असर ओसरला की माणूस एकदम कोसळतो. एव्हरेस्ट बेस कॅम्प ट्रेकला जाणाऱ्यांनी एवढं तरी पाळावं: ३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस वर सरकू नका.

पाण्याचं सांगायचं राहिलं. त्या कोरड्या हवेत धापा टाकताना शरीरातलं पाणी नुसत्या श्वासावाटे जातं. कॅम्पवर बर्फ वितळवून एक लिटर पाणी करायला तासभर लागू शकतो, दमलेला माणूस ते करत नाही, आणि कोरडा पडलेला माणूस लवकर गोठतो. बाटली सूटच्या आत आणि उलटी ठेवायची, कारण पाणी वरून गोठायला लागतं, उलटी ठेवली तर झाकणाकडची बाजू मोकळी राहते.

२०१९च्या वसंताच्या मोसमासाठी नेपाळने ३८१ परवाने दिले होते, आणि हवा चांगली असण्याचे दिवस मोजकेच निघाले. शिखराखालच्या धारेवरच्या रांगेचं छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल, ते २२ मेचं. त्या मोसमात एव्हरेस्टवर अकरा जण गेले. महाराष्ट्रातले दोन गिर्यारोहक त्याच आठवड्यात उतरताना गेले. मघाचं वीस तासांचं गणित पुन्हा मांडून बघा, म्हणजे त्या छायाचित्रात मला काय दिसतं ते कळेल. गर्दी असणार हे आदल्या संध्याकाळी कॅम्पवरून दिसत असतं, कारण दिव्यांची माळ वर सरकताना दिसते. अशा वेळी एक दिवस थांबायचं की निघायचं, हा निर्णय मोहिमेच्या प्रमुखाचा. थांबायचं तर वर जास्तीची नळकांडी हवीत, आणि ती आधी पैसे मोजून वर पोचवलेली असावी लागतात. स्वस्त मोहिमेत काटछाट नेमकी इथेच होते.

‘सोबतचे लोक वाचवत का नाहीत?’ हा पुढचा प्रश्न. १८ मे २०२३ला गेल्जे शेर्पाने एका मलेशियन गिर्यारोहकाला बाल्कनीच्या भागातून खाली आणलं. आपल्या क्लायंटला शिखर न गाठता मागे फिरायला सांगून त्याने त्या माणसाला झोपायच्या मॅटमध्ये गुंडाळलं, पाठीवर घेतलं, कधी बर्फावरून ओढलं, आणि सहाएक तासांत सहाशे मीटर खाली नेलं. जो हे करू शकतो तो उंचीवर जन्मलेला, त्या वाटेवर वर्षानुवर्षं काम केलेला माणूस असतो. बाकीचे स्वतःला खाली नेऊ शकले तरी पुष्कळ. चालू शकणाऱ्याला वाचवता येतं. जो उभा राहू शकत नाही, त्याला वाचवायला ताजे, ऑक्सिजन शिल्लक असलेले सहा-आठ जण लागतात, आणि ते अशा वेळी तिथे नसतात. हेलिकॉप्टर २००५ साली शिखरावर टेकलं होतं खरं, डिडिए डेल्सालने ते करून दाखवलं, पण ते रिकामं, हलकं केलेलं होतं. रोजच्या बचावकामात ६४०० मीटरवरच्या दुसऱ्या कॅम्पपर्यंत त्याचा भरवसा धरता येतो.

आणि वाचवायला जाणारा शेर्पा हाही कुणाचा तरी मुलगा असतो, हे शहरात बसून विसरायला होतं. १८ एप्रिल २०१४ला खुंबू आइसफॉलमध्ये, म्हणजे बेस कॅम्पच्या वर हिमनदी तुटत उतरते त्या भागात, बर्फ कोसळून सोळा नेपाळी कामगार गेले. ते शिखरावर निघाले नव्हते, दुसऱ्यांचे तंबू, दोर, नळकांडी वर नेत होते. क्लायंट तो आइसफॉल मोजक्या वेळा ओलांडतो, सामान वाहणारा त्याच्या कितीतरी पट.

सगळेच मृत्यू उशिराने होत नाहीत, हेही सांगायला हवं. अन्नपूर्णेवर, ८०९१ मीटर, मुख्य धोका हिमप्रपाताचा, आणि तो घड्याळ बघत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ला उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगची तुकडी द्रौपदी का डांडावर हिमप्रपातात सापडली. उंची ५६७० मीटर, म्हणजे आठ हजारी शिखरांच्या मानाने कमीच. तेव्हाच्या शोधात सत्तावीस मृतदेह मिळाले, दोघांचा पत्ता लागला नाही. जुन्या थरावर ताजं बर्फ साचून ते नीट चिकटलेलं नसलं, आणि उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला, की माणसांच्या वजनाने अख्खी लादी सुटू शकते. गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो, पाऊण तासाने क्वचितच. आपल्याकडची कितीतरी मुलं तिथे बेसिक आणि अॅडव्हान्सचे कोर्स करायला जातात. त्यांनी हिमप्रपाताचा विषय परीक्षेपुरता शिकू नये.

मृतदेहांचं शेवटी विचारलं जातं, हळू आवाजात. वर राहिलेलं शरीर गोठून बर्फाला चिकटतं, कपड्या-बुटांसकट वजन शंभर किलोच्या पुढे जातं, आणि ते उतरवताना आणखी कुणाचा जीव जाऊ शकतो. जॉर्ज मॅलरी १९२४ साली गेला, त्याचा देह ८१५५ मीटरवर १९९९ साली सापडला. त्याच्या सोबत्याचं, अर्विनचं, फक्त एक पाऊल २०२४ साली हिमनदीत मिळालं. २०१६ साली एव्हरेस्टवर गेलेल्या पश्चिम बंगालच्या दोघा गिर्यारोहकांचे देह वर्षभराने, २०१७ मध्ये, शेर्पांच्या तुकडीने खाली आणले. खर्च लाखांत जातो आणि हवा चांगली असण्याचे तेवढेच मोजके दिवस त्यासाठीही लागतात.

तुमच्या घरातलं कुणी निघालं असेल तर निघण्यापूर्वी आयोजकांना चार गोष्टी विचारा, आणि उत्तरं लेखी घ्या. शिखराच्या दिवशी माणशी नळकांडी किती, प्रवाह किती धरलाय, आणि जास्तीची किती, कुठे ठेवलेली. परत फिरायची वेळ कोणती, आणि ती पाळायला लावण्याचा अधिकार शेर्पाला आहे की नाही. क्लायंटने ऐकलं नाही तर शेर्पाने काय करायचं. शिखर न गाठता परत आणलं तर शेर्पाचा बोनस कापला जातो का, हे जरूर विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी शिखराचा बोनस वेगळा असतो, आणि ज्याचे पैसे शिखरावर अवलंबून आहेत त्याला ‘मागे फीर’ म्हणणं जड जातं. बोनस दोन्ही वेळी सारखा ठेवा, हे तुम्ही स्वतः सांगू शकता आणि तेवढे पैसे वेगळे काढून ठेवू शकता. विम्यात हेलिकॉप्टरची उंचीची मर्यादा बघा. शिवाय बऱ्याच मोहिमांत एक कागद भरून घेतात: मृत्यू झाला तर देह वर ठेवायचा, काठमांडूत अंत्यसंस्कार करायचे, की घरी पाठवायचा. तो रकाना बहुतेक जण बेस कॅम्पवर घाईत, एकट्याने भरतात. तो घरी, सगळ्यांनी बसून भरा.